तटांना पाणी कसे पाजणार?

मा. संपादक महोदय,
सादर नमस्कार.

यंदाच्या महाराष्ट्र दिनी परळमधील आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या आवारात ध्वजवंदनानंतर ‘जय जय महाराष्ट्र माझा’ हे राज्यगीत म्हणण्यात आले. मुलांच्या हाती छापील कागद दिला होता आणि त्यावर ‘भीमथडीच्या तटांना या यमुनेचे पाणी पाजा’ अशी ओळ छापलेली होती. कार्यक्रम आटोपल्यावर सातवीतील एका मुलीने मला विचारले, ‘‘आजी, तटाला पाणी कसे पाजतात?’’ शेजारी उभ्या असलेल्या मोठ्यांपैकी एकाने तट म्हणजे किल्ल्याचा तट असे सांगितले, दुसऱ्याने नदीचा काठ असे सांगितले, आणि पाणी पाजण्याचे काय, या तिच्या मूळ प्रश्नाला कोणाकडेच उत्तर नव्हते. मी ३१ वर्षे शाळेत मराठी शिकवले आहे. ज्या प्रश्नावर मोठी माणसे गप्प झाली तो प्रश्न एका मुलीला पडला याचा मला आनंद झाला आणि आपण सारे वर्षानुवर्षे ही ओळ न अडखळता म्हणत आलो याचे वाईट वाटले. हे पत्र त्यातूनच लिहीत आहे.

मूळ शब्द ‘तट्टांना’ असा आहे. तट्ट म्हणजे तट्टू, लहान चणीचा, काटक घोडा. थडी म्हणजे नदीचा काठ, आणि भीमथडी म्हणजे भीमा नदीच्या काठचा मुलूख. तिथली तट्टे चपळाईसाठी आणि दमदारपणासाठी नावाजलेली होती व मराठ्यांच्या फौजांची दौड त्यांच्याच बळावर चाले. या तट्टांना यमुनेचे पाणी पाजा, म्हणजे दौड थेट दिल्लीपर्यंत न्या, असे कवी सांगतो. १७३७ साली पहिले बाजीराव दिल्लीच्या वेशीपर्यंत धडकले तेव्हा हे प्रत्यक्ष घडले होते. एका जोडाक्षराचे साधे अक्षर झाले आणि भीमेपासून यमुनेपर्यंतची सगळी दौड त्या ओळीतून निघून गेली.

राजा बढे यांनी लिहिलेल्या, श्रीनिवास खळे यांनी स्वरबद्ध केलेल्या आणि शाहीर साबळे यांच्या आवाजात घरोघरी पोचलेल्या या गीताची दोन कडवी १९ फेब्रुवारी २०२३ पासून राज्यगीत म्हणून स्वीकारली गेली. तेव्हापासून ते शाळाशाळांतून म्हटले जाते, आणि म्हणूनच त्याच्या अर्थाकडे अधिक काळजीने पाहिले पाहिजे असे मला वाटते. ‘रेवा वरदा’ या पहिल्या कडव्याच्या आरंभीच्या दोन शब्दांचेच पाहा. मी ज्यांना ज्यांना विचारले त्यांतील बहुतेकांनी ‘वरदा’ म्हणजे वर देणारी, असे सांगून ते रेवेचे विशेषण ठरवले. रेवा म्हणजे नर्मदा, हे खरे; पण वरदा ही स्वतंत्र नदी आहे, विदर्भातून वाहणारी वर्धा. कालिदासाच्या ‘मालविकाग्निमित्रा’तही विदर्भाच्या संदर्भात ती याच नावाने येते. उत्तर सीमेवरील नर्मदा, विदर्भाची वर्धा, पश्चिमेकडील कृष्णा आणि कोयना, नाशिकपासून मराठवाड्यापर्यंत जाणारी गोदावरी अशा नद्या एका दमात सांगून पुढच्याच ओळीत कवी एकपणाचे पाणी घागरीत भरतो. मराठी मुलूख एक व्हावा अशी ज्या पिढीची आस होती त्या पिढीचा हा कवी जन्माने नागपूरचा होता. वरदेचे विशेषण केले की त्याचा विदर्भच त्याच्या गीतातून वगळला जातो.

याच गीतातील ‘अस्मानाच्या सुलतानीला’ हे शब्द ऐकले की पुष्कळांच्या डोळ्यांपुढे एखादा सुलतान आणि त्याची स्वारी उभी राहते. मराठीत ‘अस्मानी’ आणि ‘सुलतानी’ ही जोडी फार जुनी आहे. अवर्षण, गारपीट, अवकाळी पाऊस अशी आभाळातून कोसळणारी संकटे म्हणजे अस्मानी. आणि जुलमी सारा, लूट, जप्ती अशी सत्तेकडून येणारी संकटे म्हणजे सुलतानी. कवीने येथे दोहोंची गाठ घातली आहे. आभाळच जुलमी राजासारखे वागू लागले आहे आणि त्या गडगडणाऱ्या नभाला, आम्ही तुला भीत नाही, असे येथला माणूस तोंडावर सांगत आहे. १९७२ च्या दुष्काळात गाव सोडून मुंबईत नातलगांकडे आलेली कुटुंबे मी शाळेत असताना आमच्या चाळीत पाहिली आहेत. एकेका खोलीत दहा-दहा माणसे राहत होती. या ओळीत ती माणसे आहेत, आणि ‘सुलतान’ ऐकून आपण भलत्याच लढाईत शिरलो की ती दिसेनाशी होतात. ‘दिल्लीचेही तख्त राखितो’ या शब्दांचेही तसेच होते. अनेक जण आवेशाने ‘फोडितो’ असे म्हणतात. कवीने ‘राखितो’ हे क्रियापद जाणून वापरले आहे, कारण दिल्लीच्या पातशाहीचे रक्षण करण्याची जबाबदारी मराठ्यांनी १७५२ च्या कराराने पत्करली होती आणि १७६१ साली ते पानिपतावर उतरले त्यामागे हीच जबाबदारी होती.

हे गीत वीररसाचे असल्याने त्याचे शब्द निदान चर्चेत येतात. ज्यांना आपण साधी, सोपी समजतो त्या गाण्यांचे हाल अधिक होतात, आणि त्यांतील एका गाण्याविषयी मला थोडे सविस्तर लिहावयाचे आहे.

‘साधी माणसं’ हा चित्रपट १९६५ साली आला. जगदीश खेबुडकर यांचे ‘ऐरणीच्या देवा’ हे त्यातील गीत आजही संगीतस्पर्धांत आणि वाद्यवृंदांत हमखास गायले जाते. ते गाणाऱ्या तरुण मुलामुलींशी बोलल्यावर माझ्या लक्षात आले की त्यांतील बहुतेकांना ‘ठिणगी ठिणगी वाहू दे’ यातील वाहणे म्हणजे पाण्यासारखे वाहत जाणे वाटते. ठिणग्यांचा प्रवाह ही कल्पना त्यांना सुंदरही वाटते. पण येथे वाहणे म्हणजे देवाला फूल वाहतो तसे अर्पण करणे. लोहाराचा देव ऐरण, आणि त्याच्याजवळ वाहायला फुले नाहीत, म्हणून घणाच्या प्रत्येक घावासरशी उडणारी एकेक ठिणगी तो फुलासारखी वाहतो. हा अर्थ हाती नसेल तर त्या गाण्याचे पहिले वाक्यच हाती नाही, असे म्हणावे लागेल.

पुढे ‘भात्यातल्या सुरांसंगं’ असे शब्द येतात. भाता म्हटले की आजच्या मुलांना रामाच्या पाठीवरील बाणांचा भाता आठवतो. लोहाराच्या घरचा भाता म्हणजे भट्टीला वारा घालणारा चामड्याचा भाता. तो ओढला की हवा आत घेताना एक सूर निघतो, सोडताना दुसरा. माझे आजोबा सातारा जिल्ह्यातील आमच्या गावी लोहारकाम करीत आणि आजी भाता ओढत असे. वडील मुंबईला येऊन गिरणीच्या वर्कशॉपमध्ये त्याच कामाला लागले. आजीचा हात वर-खाली, वर-खाली होताना मी लहानपणी पाहिला आहे. म्हणूनच लक्ष्मीच्या हातातील चवरी वरखाली व्हावी, हे शब्द मी जेव्हा जेव्हा ऐकते तेव्हा कवीने किती नेमके पाहिले होते याचे मला आश्चर्य वाटते. घामाने निथळणारी आणि धुराने डोळे लाल झालेली जी बाई भाता ओढते आहे ती त्या घरची लक्ष्मी आहे, आणि तिच्या हातातील भात्याची दांडी ही देवावर ढाळायची चवरी आहे. ज्याने भाताच पाहिला नाही त्याला चवरी कळणार नाही, आणि न कळलेली ओळ सुरांच्या आधारे निघून जाईल.

शेवटच्या कडव्यात घावावर घाव बसण्याचा उल्लेख आहे. मुंबईत आपल्या कानांवर दिवसभर हिंदी असते आणि हिंदीत घाव म्हणजे जखम. त्यामुळे जखमेवर जखम होण्याचे ते दुःखाचे कडवे आहे, अशी समजूत होते. मराठीत घाव म्हणजे आधी घणाचा, छिन्नीचा, कुऱ्हाडीचा तडाखा. टाकीचे घाव सोसल्याशिवाय दगडाला देवपण येत नाही, असे आपण म्हणतो तेव्हा जखमेविषयी बोलत नसतो. घाव बसतील तसे लोखंड आकाराला येते, तसे सोसण्याचे आणि झुंजण्याचे बळ आम्हाला दे, असे ती लोहाराची बाई मागते आहे. तिच्या मागण्यात रडगाणे नाही. लोखंडाचे चणे खाऊ पण अब्रूने जगू, असे सांगणारे हे गाणे लालबाग-परळच्या गिरण्यांतून काम करणाऱ्यांना आपले का वाटले असेल, हे वेगळे सांगायला नको.

हिंदीच्या सावलीत अर्थ बदलल्याचे आणखी एक उदाहरण प्रत्येक घरात आहे. ‘चांदोबा चांदोबा भागलास का’ यातील भागलास म्हणजे पळालास, असे माझ्या नातवाला आणि त्याच्या सर्व मित्रांना वाटत होते. पुढे लपण्याची गोष्ट येत असल्याने तो अर्थ चपखलही बसतो. भागणे म्हणजे थकणे. दमला-भागला हा जोडशब्द आपण अजून बोलतो, शीणभाग हा शब्दही मराठीत आहे. रात्रभर आकाशात चालून दमलेल्या चंद्राला, बाळा, थकलास का रे, असे मायेने विचारणारे ते गाणे आहे. नातवाला हे सांगितले तेव्हा तो खिडकीतून बराच वेळ चंद्राकडे पाहत राहिला.

संतांच्या रचनांकडे वळताना माझा सूर थोडा तीव्र झाला तर क्षमा करावी. एकनाथांचे ‘रोडगा वाहीन तुला’ हे भारूड शाळांच्या स्नेहसंमेलनांत आणि गणेशोत्सवाच्या मंचांवर विनोदी नाच म्हणून सादर होते. सासू, सासरा, जाऊ, नणंदेचे पोर यांच्यावर एकेक संकट कोसळावे अशी भवानीकडे मागणी करणारी सून डोळे मिचकावते, प्रेक्षक हसतात आणि पडदा पडतो. भारुडाने हसवावे, ही नाथांचीच योजना होती. लोकांच्या तोंडचे बोलणे घेऊन त्यांनी लोकांना थांबवले. पण थांबवले ते शेवटच्या कडव्यासाठी, आणि सादर करणारे बहुधा तेच घाईने उरकतात किंवा गाळतात. तेथे ती बाई सगळेच जाऊ दे, एकटीच राहू दे मला, असे म्हणते. अहंता, कल्पना, वासना अशा नात्यागोत्यांनी वेढलेला जीव त्या साऱ्यांतून सुटून एकटा उरण्याची याचना करीत आहे. हा अर्थ मुलांना सांगितल्यावर त्यांचे हसणे थांबत नाही, हे मी वर्गात अनुभवले आहे. मुले हसतात आणि मग शेवटी आपण होऊन शांत होतात.

‘अवघा रंग एक झाला’ हा अभंग रंगपंचमीला ध्वनिवर्धकावर लागलेला मी दोन-तीन ठिकाणी ऐकला आहे. रंग हा शब्द आहे, म्हणून लावला असावा. किशोरी आमोणकर यांच्या स्वरांमुळे तो सर्वतोमुखी झाला, पण तो कोणाचा, असे विचारल्यास अनेक सुशिक्षित माणसेही चोखोबांचे किंवा तुकोबांचे नाव घेतात. तो सोयराबाईंचा आहे. त्या चोखामेळ्यांच्या पत्नी. अभंगाच्या शेवटी ‘म्हणे चोखियाची महारी’ अशी त्यांची नाममुद्रा आहे. चोखोबांना विठ्ठलाच्या मंदिरात प्रवेश नव्हता आणि त्यांची समाधी आजही महाद्वारासमोर नामदेव पायरीजवळ, मंदिराच्या बाहेर आहे. पंढरपूरचे ते दार दलितांना उघडले ते सानेगुरुजींच्या उपोषणानंतर, १९४७ साली. चौदाव्या शतकातील ज्या बाईला जन्मामुळे देवाच्या दारातून परत फिरवले जात होते तिने, मी-तूपण गेले, भेदाचे काम उरले नाही, असे म्हटले आहे. अंगाला लागणाऱ्या रंगाचा तेथे काही संबंध नाही. श्रीरंगात रंगून गेल्यावर कोणी वेगळा उरत नाही, असे ती सांगते. नाममुद्रेचे कडवे न गाता हा अभंग गाणे मला फार मोठी चूक वाटते, कारण भेद गेला, हे म्हणण्याचा अधिकार तिने कोठून मिळवला ते त्या एका ओळीतच कळते.

‘सागरा प्राण तळमळला’ याविषयी एवढेच सांगते की हे काव्य अंदमानच्या कोठडीत लिहिले गेले, अशी समजूत मला दर वर्षी कोणत्या ना कोणत्या भाषणात ऐकावी लागते. सावरकरांनी ते १९०९ साली इंग्लंडमधील ब्रायटन येथे, समुद्रकिनारी रचले. त्यांना अटक झाली ती त्यानंतर, १९१० मध्ये, आणि अंदमानात ते १९११ साली गेले. हा केवळ तारखांचा प्रश्न नाही. बंदिवानाचा विलाप म्हणून ऐकले की यातील भांडण ऐकू येत नाही. याला परत आणून सोडीन, असे वचन समुद्राने मातृभूमीला दिले होते आणि ते मोडले, म्हणून कवी त्याला जाब विचारतो आणि शेवटी, तुला एका आचमनात पिऊन टाकणाऱ्या अगस्तीला हे सांगेन, अशी धमकी देतो. गिरगाव चौपाटीवर उभे राहून ते एकदा या अर्थाने म्हणून पाहावे.

आरत्यांतील अपपाठांविषयी यापूर्वी बरेच लिहिले गेले आहे, म्हणून ‘संकटी’चे ‘संकष्टी’ आणि ‘फणिवरबंधना’चे ‘फळीवर वंदना’ यांची उजळणी मी करीत नाही. पण ‘दुर्गे दुर्घट भारी’मध्ये शब्द बरोबर म्हणूनही अर्थ हुकतो. ‘वारी वारी जन्ममरणांतें वारी’ यात पंढरीची वारी नाही, निवारण कर, असे ते क्रियापद आहे. ‘हारी पडलो’ म्हणजे हरलो, थकून शरण आलो. हरीच्या पायी पडलो, असे नव्हे. ‘चारी श्रमले’ म्हणजे चार वेद वर्णन करून थकले आणि ‘साही विवाद करिता’ म्हणजे सहा शास्त्रे वाद घालीत वाहवत गेली. ज्ञानाचे सारे मार्ग जेथे थकले तेथे तू भक्तासाठी तत्काळ धावतेस, असा त्या कडव्याचा ओघ आहे. तो कळल्यावर टाळ्यांचा ठेका कमी होणार नाही.

यावर, गाणे ऐकणाऱ्याचे असते आणि त्याला हवा तो अर्थ त्याने घ्यावा, असे मत माझ्याशी बोलताना एका तरुण संगीतकाराने मांडले. त्यात तथ्य आहे. ज्ञानेश्वरांचे ‘मोगरा फुलला’ लग्नाच्या मांडवात वाजते तेव्हा मला खटकत नाही. इवल्याशा रोपाचा वेल गगनापर्यंत जावा, हे कोणत्याही शुभ प्रसंगी म्हणण्यासारखे आहे, आणि मनाच्या धाग्यांनी विणलेला तो शेला शेवटी विठ्ठलाला अर्पण होतो हे ज्याला ठाऊक आहे त्याला मांडवातही ते आठवेल. मूळ अर्थ जाणून त्यावर आपला अर्थ चढवणे निराळे, आणि मूळ अर्थ कधी कानांवरच न आल्याने जो सुचेल तो घेणे निराळे. पहिल्यात ऐकणाऱ्याचे स्वातंत्र्य आहे. दुसऱ्यात त्याला निवड करण्याची संधीच मिळालेली नाही, आणि याचा दोष त्याच्याकडे जात नाही. भाता, थडी, तट्ट, घण या वस्तू आणि जागा मुंबईतील मुलांच्या डोळ्यांसमोरून गेल्या आहेत. त्यांची नावे फक्त गाण्यांत शिल्लक आहेत, आणि ती आम्ही मोठ्यांनी समजावून सांगितली नाहीत.

म्हणून आपल्या वृत्तपत्राला माझी एक विनंती आहे. आषाढी एकादशी, गणेशोत्सव, नवरात्र आणि महाराष्ट्र दिन या निमित्तांनी आपण पुरवण्या काढता आणि त्यांत आरत्या, अभंग व गीते छापता. त्या पानांवर प्रत्येक रचनेखाली कवीचे नाव, त्याची पूर्ण नाममुद्रा आणि अडणाऱ्या चार-सहा शब्दांचे अर्थ देणारी लहानशी चौकट द्यावी. छापण्यापूर्वी पाठ एखाद्या जाणत्या अभ्यासकाकडून तपासून घ्यावा, कारण आमच्या संस्थेतील तो कागदही कोणीतरी कोठून तरी छापील मजकूर पाहूनच उतरवला असणार. शाळांनीही राज्यगीत पाठ करून घेताना त्यासाठी एक तासिका राखून ठेवावी. एवढ्या वेळात ते गीत शब्दशः समजावून देता येते, हे मी स्वतःच्या अनुभवावरून सांगते.

पहिल्या चौकटीसाठी मी ‘निढळ’ हा शब्द सुचवते. निढळ म्हणजे कपाळ. ‘येई हो विठ्ठले’ या आरतीत भक्त निढळावर हात ठेवून, म्हणजे उन्हाची तिरीप अडवण्यासाठी कपाळाशी तळवा धरून, विठ्ठलाची वाट पाहतो. आणि राजा बढे यांच्या गीतातील महाराष्ट्र निढळाच्या घामाने भिजलेला आहे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त मराठी शिक्षिका
परळ, मुंबई